बाग विकण्याआधी

पत्र

डॉक्टर, मी तासगाव तालुक्यातली. लग्नाला सहा वर्षं झाली, चार वर्षांचा मुलगा आहे. माझा धाकटा भाऊ 23 वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याला ब्लड कॅन्सर निघाला, रिपोर्टवर ‘बी-सेल एएलएल’ असं लिहिलंय. मिरजेत केमो झाली, रिपोर्ट चांगले आले, आईनं पाण्यात घातलेले देव बाहेर काढले. आता मेंटेनन्सच्या गोळ्या चालू असतानाच गेल्या महिन्यात आजार उलटला. डॉक्टर म्हणतात, पुन्हा केमो आणि मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट. पण चुलतभावानं मोबाइलवर दाखवलं की मुंबईच्या आयआयटीनं कार-टी नावाचं औषध काढलंय, एकदाच द्यायचं, 45 लाख लागतात. वडील सव्वादोन एकर द्राक्षबाग विकायला निघालेत, गिऱ्हाईकही आलंय. काका म्हणतात केमो बंद करा, एक वैद्य सोमलाचं भस्म देतो. आमच्या गावातल्या एका गुरुजींनाही ब्लड कॅन्सरच आहे, ते बारा वर्षं रोज एक गोळी घेतात आणि शेतात जातात. मग माझ्याच भावाला गोळी का नाही? ट्रान्सप्लांटसाठी माझा मॅरो लागेल असं दिसतंय, आणि सासरी म्हणतात मणक्यातून काढतात, कंबर कायमची जाईल. मी काय करू?

उत्तर

ताई, हे वाचून झालं की आधी वडिलांना फोन करा आणि सांगा, इसार घेऊ नका. निदान पंधरा दिवस तरी नाही. बाग कधीच विकू नका असं मी म्हणत नाही. वेळ आली तर विकावीही लागेल, आणि भावापुढे बाग ती काय, हे वडिलांचं म्हणणं मला समजतं. पण गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून उपचार ठरवायचा, हे उफराटं झालं. आधी उपचार ठरू दे, मग त्याचा खर्च, मग बाग.

मी तीस वर्षं रक्तविकारांच्या वॉर्डात काढली. सुरुवातीच्या काळात मोठ्या माणसाचा एएलएल, म्हणजे भावाला आहे तो अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, उलटला की आमच्याकडे सांगण्यासारखं फार थोडं असायचं, आणि नातेवाईकही ते आमच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. आता सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातून एक नवीच अडचण उभी राहिली आहे. घरातलं प्रत्येक माणूस वेगवेगळ्या आजाराची वेगवेगळी बातमी घेऊन येतं आणि सगळ्या बातम्या एकाच खाटेवरच्या पोराला लावून बघतं. तुमच्या पत्रातल्या तीनही बातम्या खऱ्या आहेत. गुरुजींची गोळी खरी, सोमलही खरा, कार-टीही खरी. फक्त त्या तीन वेगळ्या माणसांच्या आहेत.

गुरुजींपासून सुरू करते. ब्लड कॅन्सर हे एका आजाराचं नाव नाही, आडनाव आहे. गुरुजींना बहुधा सीएमएल असावा, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. 1960 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड या दोघांना या रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र दिसलं. 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं की 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. त्या चुकीच्या जोडणीतून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला ‘वाढ, वाढ’ असा एकच हुकूम देत बसतं. एवढा एकच बिघाड, म्हणून त्यावर एकच गोळी चालली. इमॅटिनिब नावाच्या त्या गोळीला अमेरिकेत 2001 च्या मे महिन्यात परवानगी मिळाली आणि तीन-चार वर्षांत माणूस नेणारा आजार रक्तदाबासारखा सांभाळायचा आजार झाला. आपल्याकडे ती गोळी गुरुजींपर्यंत पोचली याला आणखी एक कारण आहे. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. कंपनीची गोळी तेव्हा महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजारांना पडायची, आणि भारतीय कंपन्यांची 8 ते 10 हजारांना. गुरुजी शेतात जातात त्यामागे फिलाडेल्फियाची प्रयोगशाळा आहे तशी दिल्लीतली ती केसही आहे.

आता हे तुमच्या कामाचं कसं, ते बघा. मोठ्या माणसांच्या एएलएलमध्ये साधारण पाचातल्या किंवा चारातल्या एकाला हाच 9-22 चा बिघाड असतो. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा: भावाची बीसीआर-एबीएल तपासणी झाली आहे का, आणि आजार उलटल्यावर पुन्हा केली का? उत्तर ‘पॉझिटिव्ह’ असेल तर गोळीचा विषय उघडतो, आणि चांगलाच उघडतो. इटलीतल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये अशाच रुग्णांना डॅसॅटिनिबची गोळी आणि ब्लिनाटुमोमॅब नावाचं इंजेक्शन देऊन, नेहमीची जबर केमो न वापरता, आजार काबूत आणून दाखवला. मात्र ते रुग्ण नव्यानं निदान झालेले होते, उलटलेले नव्हते, हेही लक्षात ठेवा. उत्तर ‘निगेटिव्ह’ आलं तर गोळीचा विषय घरात पुन्हा काढू नका. दर जेवणाला तोच विषय निघतो आणि पोराला वाटतं, आपल्यालाच काहीतरी नाकारलं जातंय.

काकांचं सोमल. त्यांना वाटत असेल की डॉक्टरीणबाई हसून उडवून लावणार. नाही उडवत. सोमल, म्हणजे आर्सेनिक, हे एका ब्लड कॅन्सरवरचं आज जगातलं पहिल्या पसंतीचं औषध आहे. त्या आजाराचं नाव एपीएल. एके काळी याचा रुग्ण मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन आठवड्याभरात जायचा. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी तिथल्या परंपरागत औषधातलं आर्सेनिक वेगळं काढून शिरेतून द्यायला सुरुवात केली. शांघायच्या वांग झेन्यी यांनी 1980 च्या दशकात जीवनसत्त्व ‘अ’चं एक रूप याच आजारावर वापरलं. 2013 मध्ये इटली आणि जर्मनीच्या डॉक्टरांनी ही दोन्ही एकत्र, केमोशिवाय दिली. ज्यांचा धोका फार मोठा नव्हता अशा रुग्णांत दोन वर्षांनी 97 टक्के लोक आजाराशिवाय, कोणत्याही अडथळ्याशिवाय होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं तर नुसत्या आर्सेनिकवर रुग्ण बरे केलेत.

पण काकांना हेही सांगा: ते औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, वरचेवर हृदयाची पट्टी बघून, रक्तातलं पोटॅशियम सांभाळून देतात. आणि ते एपीएलवर चालतं, एएलएलवर नाही. वैद्याच्या पुडीत किती सोमल आहे हे वैद्यालाही ठाऊक नसतं. केमोनं आधीच दमलेल्या यकृतावर ती पुडी पडली तर पुढची केमो लांबते, आणि उलटलेल्या एएलएलमध्ये लांबलेले तीन आठवडे परत मिळत नाहीत. मी अशी पोरं पाहिली आहेत. घरचे पुडीचं सांगायला लाजतात, आम्ही कावीळ कशानं झाली ते शोधत बसतो. भावानं एखादी पुडी आधीच घेतली असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. रागावले तर रागावू दे.

आता कार-टी, जिच्यासाठी बाग निघाली आहे.

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. बाहेरून आलेले जंतू आणि त्यांनी बिघडवलेल्या पेशी मारणं हे त्यांचं काम. कॅन्सरची पेशी मात्र घरातलीच असते, त्यामुळे टी-पेशी तिला बऱ्याचदा ओळखतच नाहीत. कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी-पेशी यंत्रानं रक्तातून वेगळ्या काढतात. डेंग्यूच्या वेळी प्लेटलेट काढायला जसं मशीन वापरतात, तसाच हा प्रकार. प्रयोगशाळेत, निकामी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवर बसवून, त्यांच्यात एक नवा जीन सोडतात. त्यामुळे त्या पेशीवर एक नवा हूक उगवतो, आणि भावाचा कॅन्सर ज्या बी-पेशींचा आहे त्यांच्यावरच्या सीडी19 नावाच्या खुणेत तो हूक बरोबर अडकतो. मग त्या पेशी वाढवतात. रुग्णाला तीनेक दिवस थोडी केमो देऊन जागा मोकळी करतात आणि ती पिशवी शिरेतून सोडतात. सोडायला काही मिनिटं पुरतात. काढण्यापासून सोडण्यापर्यंत मात्र काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत आजार दाबून धरावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा केमोच लागते. ‘एकदाच द्यायचं’ हे चुलतभावाचं म्हणणं पिशवीपुरतं खरं आहे.

जगात ही पद्धत ज्या पोरीमुळे माहीत झाली ती एमिली व्हाइटहेड. 2012 मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात तिला पेशी दिल्या तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तिचा आजार भावाचाच, एएलएल. पेशी कामाला लागल्या आणि तिला असा ताप चढला की व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. रक्तात इंटरल्युकिन-6 नावाचं द्रव्य भयंकर वाढलेलं निघालं. ही पद्धत घडवणारे कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, म्हणून त्यांना ते द्रव्य अडवणारं संधिवाताचं औषध माहीत होतं. ते दिलं आणि पोरगी वाचली. औषधाचं नाव टोसिलिझुमॅब. ऐकल्यासारखं वाटतंय ना? कोविडच्या लाटेत ज्या इंजेक्शनसाठी लोक रात्री-अपरात्री मेडिकल दुकानं पालथी घालत होते, तेच. आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक वॉर्डात ते हाताशी ठेवलेलं असतं. अमेरिकेत या उपचाराला 2017 च्या ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली.

आपली कार-टी पवईची. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत ती घडली, टाटाच्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासली आणि पहिला रुग्ण 2021 मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच संशोधन केंद्रात, झाला. नाव नेक्सकार19. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 15 वर्षांवरच्या, बी-पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) उलटलेल्या रुग्णांसाठी तिला परवानगी दिली, आणि एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला येऊन तिचं लोकार्पण केलं. अमेरिकेत याच जातीच्या उपचाराची नुसती पिशवी 3 ते 4 कोटींची. इथे ती 40 ते 50 लाखांच्या घरात आली. मराठी माणसानं अभिमान बाळगावा असं हे काम आहे. पेशी ज्या खोलीत वाढतात ती तासगावहून एका रात्रीच्या अंतरावर आहे, हे मला अजूनही नवल वाटतं. (बेंगळुरूच्या एका कंपनीचीही कार-टी जानेवारी 2025 मध्ये आली. ती लिम्फोमासाठी आहे, भावाच्या आजारासाठी नाही. फॉरवर्डमध्ये दोन्हींची खिचडी झालेली असते.)

अभिमान बाजूला ठेवून आकडे बघू, कारण बाग आकड्यांवर विकायची आहे. 2025 मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटोलॉजी’त नेक्सकार19 चे निष्कर्ष छापून आले. 64 रुग्ण होते, बहुतेक लिम्फोमाचे, ल्युकेमियाचे थोडे. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यातल्या सुमारे 73 टक्के लोकांत उपचार लागू पडला. ज्यांच्यापुढे बाकी वाटा संपत आल्या होत्या अशा लोकांत हे फार मोठं यश आहे. पण ल्युकेमियाच्या रुग्णांत तो परिणाम टिकला त्या काळाचा मधला आकडा सुमारे 8 महिने होता. म्हणजे निम्म्यांत त्याहून कमी, निम्म्यांत जास्त. उपचारामुळे दगावलेलेही होते.

म्हणून मोठ्या माणसाच्या एएलएलमध्ये कार-टी ही अनेकदा शेवटची पायरी नसते. आजार मुळापर्यंत खाली आणायचा आणि मग ट्रान्सप्लांट करायचा, ही वाट बहुतेक ठिकाणी धरतात. तुमच्या मिरजेच्या डॉक्टरांनी ‘केमो आणि मग ट्रान्सप्लांट’ म्हटलं ते जुनाट नाही. शेवटची पायरी तीच आहे. तिथपर्यंत कशानं जायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि सगळी बाग जर मधल्या पायरीत गेली तर शेवटच्या पायरीला तुमच्याकडे काय उरणार? हे मी निष्ठुरपणे लिहितेय, कारण हे घडलेलं मी बघितलंय. एका बापानं सगळं विकून मधला उपचार केला, तो लागूही पडला, आणि ट्रान्सप्लांटच्या पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत आजार पुन्हा वर आला.

मधल्या पायरीला आणखी दोन औषधं आहेत, ती फॉरवर्डमध्ये येत नाहीत. एक ब्लिनाटुमोमॅब, वर नाव आलंच आहे. हे दोन हातांचं प्रथिन. एका हातानं कॅन्सरच्या पेशीची सीडी19 ची खूण धरतं, दुसऱ्या हातानं टी-पेशीला ओढून आणतं आणि दोघांची गाठ घालून देतं. प्रयोगशाळेत काही वाढवायला नको, औषध बाटलीत तयार असतं. पण छोट्या पंपातून 28 दिवस अखंड, रात्रंदिवस द्यावं लागतं. डिसेंबर 2024 मध्ये मुलांच्या एएलएलवरचा एक मोठा अभ्यास आला. नेहमीच्या केमोबरोबर हे औषध दिलेल्या मुलांपैकी 96 टक्के तीन वर्षांनी आजाराशिवाय होती, नुसत्या केमोवरच्या मुलांत हेच प्रमाण 87.9 टक्के. ती मुलं पहिल्या खेपेची, उलटलेली नव्हेत, म्हणून हे आकडे भावाला जसेच्या तसे लावू नका. उलटलेल्या आजारातही हे औषध वापरतात, आणि कधी कधी एका-दोन खेपांत माणूस ट्रान्सप्लांटला तयार होतो. दुसरं इनोटुझुमॅब. ते सीडी22 नावाची दुसरी खूण धरून पेशीच्या आत विष पोचवतं. पुढे ट्रान्सप्लांट असेल तर यकृताकडे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. दोन्ही भारतात मिळतात, दोन्ही महाग. डॉक्टरांना विचारताना ‘कार-टी करायची का’ असं विचारू नका. असं विचारा: ‘ट्रान्सप्लांटपर्यंत जायला भावासाठी कोणती वाट, का, आणि ती फसली तर पुढची कोणती?’

आणि एक शब्द पाठ करा: एमआरडी. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसला तरी दहा हजार पेशींत एखादी वाईट पेशी लपलेली असू शकते, आणि आता ती मोजता येते. ट्रान्सप्लांटला जाताना ही मोजणी ‘निगेटिव्ह’ असलेली बरी. ‘रिपोर्ट चांगला आला’ एवढ्यावर समाधान मानू नका. एमआरडी किती, हे विचारा.

कार-टी देणाऱ्या केंद्राचं मत मात्र आत्ताच घ्या, पैसे न भरता, नुसतं मत. फार केमो झाल्यावर टी-पेशी अशक्त होतात आणि मग काढून उपयोग होत नाही. शिवाय ब्लिनाटुमोमॅबनंतर काही वेळा कॅन्सरच्या पेशी सीडी19 ची खूणच टाकून देतात. म्हणून कोणतं आधी, कोणतं नंतर, हे ठरवणारा माणूस दोन्ही जाणणारा हवा. जाताना बोन मॅरोच्या काचा, फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींवरच्या खुणांच्या तपासणीचा, पूर्ण रिपोर्ट आणि आधीच्या केमोचा तक्ता न्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड नेलंत तर सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतील.

आता तुमच्याकडे येते.

सासरच्यांची भीती शब्दातून आली आहे. मराठीत मणक्यातल्या दोरीला म्हणतात मज्जारज्जू आणि हाडाच्या पोकळीतल्या, रक्त तयार करणाऱ्या गराला म्हणतात अस्थिमज्जा. ‘मज्जा’ दोन्हीकडे, म्हणून सासूबाईंना वाटतं की मणका पोखरणार. मणक्याला कोणी हात लावत नाही. हल्ली बहुतेक वेळा तर हाडालाही लावत नाहीत. चार-पाच दिवस कातडीखाली इंजेक्शनं देतात, त्यानं मूळपेशी हाडातून रक्तात उतरतात. मग प्लेटलेट देताना बसतात तसं चार-सहा तास मशीनला बसायचं. एका हातातून रक्त जातं, दुसऱ्या हातात परत येतं. इंजेक्शनांच्या दिवसांत अंग मोडून येतं, हाडं ठणकतात, पॅरासिटामॉलनं भागतं. काही वेळा डॉक्टर हाडातूनच घ्यायचं ठरवतात. तेव्हा भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून घेतात, आठवडाभर दुखतं. दिलेली भर शरीर काही आठवड्यांत करून टाकतं, आणि पुढे मूल होण्याला त्यानं बाधा येत नाही. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर मात्र आधी सांगा.

तुमचं भावाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अर्धं जुळण्याची चारात दोन. पूर्वी पूर्ण जुळलं नाही तर आम्ही हात टेकायचो. टाटात भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 मध्ये झाला, तेव्हापासून कित्येक वर्षं दाता पूर्ण जुळणारा भाऊ नाहीतर बहीण असला तरच गाडी पुढे जायची. आता अर्ध्या जुळणीवर होतो. ही क्रांती कुठल्या कोटींच्या औषधानं केली नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनं, स्वस्त केमोचं औषध पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी देऊन दाखवलं. दात्याच्या ज्या पेशी रुग्णाच्या अंगावर उठतात नेमक्या त्याच त्यात मरतात, बाकीच्या टिकतात. माझ्या मते आपल्यासारख्या देशासाठी गेल्या वीस वर्षांतली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि तिच्यावर एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही. आई-वडील मुलाशी नेहमी अर्धे जुळतात. म्हणजे तुम्हा तिघांतलं कोणी ना कोणी बहुधा उपयोगी पडेलच. जुळणीच्या या तपासणीला एचएलए म्हणतात. तिच्यासाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात नाहीतर थोडं रक्त घेतात. ती या आठवड्यात करून टाका.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. मूल झालेल्या बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या तर त्या रुग्णाच्या अंगावर उठण्याची शक्यता थोडी वाढते. त्यामुळे तुम्ही जुळूनही डॉक्टर कदाचित वडिलांचं नाव पुढे करतील. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नका, आणि सासरी ‘बघा, नाही म्हटलं ना डॉक्टरांनी’ हेही ऐकून घेऊ नका.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना ओपीडीत घेऊन जा. माझा अनुभव असा की डॉक्टरांपुढे बसून स्वतःच्या तोंडानं प्रश्न विचारलेली सासू नंतर गावभर बाजू मांडते. कायद्यानं निर्णय तुमचा एकटीचा आहे, पण परत त्याच घरात राहायचं आहे, हे मलाही कळतं. आणि ताई, तुम्हालाच आतून द्यायचं नसेल, तर तेही डॉक्टरांना एकटीनं भेटून सांगता येतं. ते घरच्यांना कारण सांगत नाहीत.

हो, अजून एक. तोवर भावाला रक्त किंवा प्लेटलेट लागल्या तर तुम्ही आणि आई-वडिलांनी देऊ नका. पुढे ज्याच्या पेशी घ्यायच्या त्याचंच रक्त आधी गेलं तर रुग्णाचं शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि नंतर झिडकारतं. गावातली पोरं न्या. भावाला देण्याचं रक्त इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरणं दिलेलं, हवं का, ते रक्तपेढीत सांगायला डॉक्टरांना आठवण करा.

पैशांचं. ट्रान्सप्लांट करणाऱ्या दोन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात ट्रान्सप्लांटनंतरची औषधं आणि रुग्णालयाजवळ शंभरेक दिवस राहण्याचा खर्च धरलाय का ते बघा, कारण लोक तिथेच फसतात. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत छत्र आहे, त्यात यातलं काय बसतं ते तोच सांगेल. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून भरून घ्या. मुंबईला टाटात जायची वेळ आली तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. लॉजवर पैसे घालवू नका. हे सगळं करून जी रक्कम उरेल, तेवढ्यासाठी बागेचा विचार करा. कदाचित अर्धा एकर पुरेल, कदाचित पीककर्जावर भागेल, कदाचित सगळी जाईल. पण तेव्हा वडिलांना ठाऊक असेल की ती कशासाठी गेली.

घरात कोणी काढणार नाही असा एक विषय मी काढते. ट्रान्सप्लांटच्या केमोनंतर भावाला मूल होण्याची शक्यता फार कमी होते. आधी शुक्राणू जतन करून ठेवता येतात. दोन वर्षं केमो झालेली असल्यामुळे आता त्याचा कितपत उपयोग, हे डॉक्टरच सांगतील, पण विचारायला हवं ते आत्ताच. आईसमोर तो विचारणार नाही. त्याच्या एखाद्या मित्राला बरोबर पाठवा, किंवा तुम्हीच डॉक्टरांना चिठ्ठी लिहून द्या.

पत्र मी तीनदा वाचलं. त्यात वडील बोलतात, काका बोलतात, चुलतभाऊ, सासूबाई, गुरुजी, सगळे बोलतात. भाऊ एकदाही बोलत नाही. तो 23 वर्षांचा आहे. ट्रान्सप्लांटच्या कागदावर सही त्याचीच लागेल, आणि ब्लिनाटुमोमॅब ठरलं तर तो पंप 28 दिवस त्याच्याच खांद्याला लटकणार आहे. बीसीआर-एबीएल, एमआरडी, सीडी19, एचएलए हे चार शब्द एका वहीत उतरवा, प्रत्येकापुढे दोन ओळी रिकाम्या सोडा आणि मिरजेला जाताना ती वही त्याच्या हातात द्या. उत्तरं त्यालाच लिहू द्या. मग पुढच्या पत्रात त्याचं म्हणणंही मला कळवा, एचएलएच्या रिपोर्टबरोबर.